चाईचा किडा कुठे आहे?

शिरूरच्या आमच्या महाविद्यालयात अकरावीच्या मुलांची स्क्रू गेजने तारेची जाडी मोजून झाली, की मी त्यांना स्वतःचा एक केस मोजायला लावतो. तो साधारण ०.०७ मिलिमीटर भरतो आणि मुलांना मोठी गंमत वाटते. गेल्या वर्षी एका मुलाने मात्र केस द्यायला नकार दिला. दौंड तालुक्यातून शिकायला आलेला हा मुलगा डोक्यावरची टोपीच काढीना. त्याच्या बाकावर दुसरे कोणी बसत नाही, हेही माझ्या त्याच दिवशी ध्यानात आले.

तास संपल्यावर त्याने टोपी काढली. टाळूवर आणि कानामागे रुपयाएवढे दोन गोल चट्टे होते. एकावर घरच्यांनी लसूण चोळून चोळून कातडी भाजल्यासारखी केली होती. दुसरा चट्टा अगदी गुळगुळीत. "सर, चाई लागलीय. आजी म्हणते, किडा केस खातो. न्हावीसुद्धा हात लावीना."

किडा असेल तर तो दिसला पाहिजे. चट्ट्याच्या कडेचा एक आखूड केस चिमट्याने धरताच अलगद सुटून आला. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. आम्ही तो चल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. वरच्या तुटक्या टोकापाशी जाडी ०.०७ मिलिमीटर, पण मुळाजवळ जेमतेम ०.०३! आकार हुबेहूब उद्गारचिन्हासारखा. डॉक्टर अशा केसांना उद्गारचिन्ही केसच म्हणतात आणि त्यांवरून चाई ओळखतात.

आता तुम्हीच विचार करा. किड्याने कुरतडलेला केस असा मुळाकडे हळूहळू निमुळता होईल का? केस तळाशी तयार होतो आणि वर सरकतो, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर. म्हणजे वरचा भाग आधीचा आणि मुळाजवळचा अगदी ताजा. तोच बारीक असेल तर बिघाड कारखान्यात आहे, मालावर कोणी डल्ला मारलेला नाही.

हा कारखाना म्हणजे केशकूप. आपल्या डोक्यावर असे सुमारे एक लाख केशकूप असतात. प्रत्येकाच्या तळाशी असलेल्या पेशी झपाट्याने विभागतात आणि केस घडवतात. हे काम दोन ते सहा वर्षे चालते, मग सुमारे तीन महिने विश्रांती, आणि जुना केस गळून नवा येतो.

चाईत या तळावर हल्ला होतो, तो आपल्याच रक्तातील पांढऱ्या पेशींचा. त्यांतल्या टी-पेशी पहारेकरी असतात. शरीरातील बहुतेक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवतात. टी-पेशी ती ओळखपत्रे तपासत फिरतात आणि विषाणूने ग्रासलेली पेशी सापडली की तिला मारतात. वाढत्या केसाच्या तळाशी मात्र ही ओळखपत्रे फारच थोडी मांडलेली असतात. त्यामुळे पहारेकरी तेथे थांबतच नाहीत.

हे संरक्षण ढळले की काय होते, ते जत्रेतल्या ध्वनिक्षेपकावरून नीट कळेल. माइक कर्ण्यासमोर आला की बारीकसा आवाज कर्ण्यातून मोठा होऊन निघतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो आणि कानठळ्या बसवणारी शीळ सुरू होते. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे केशकूप जास्त ओळखपत्रे मांडतो, शिवाय इंटरल्यूकिन-१५ हे द्रव्य सोडून आणखी टी-पेशींना चिथावतो. त्या पुन्हा इंटरफेरॉन सोडतात! मुळाभोवती मधमाश्यांचे मोहोळ बसावे तशा या पेशी जमतात आणि केसाची घडण ढासळते.

हल्ला तळावर होतो. केशकूपात वरच्या बाजूला असलेल्या मूलपेशी मात्र वाचतात. म्हणून कारखाना बंद पडला तरी मोडत नाही, आणि वर्षानुवर्षांनीसुद्धा केस परत येऊ शकतात.

ही प्रवृत्ती अंशतः वारशाने येते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अँजेला ख्रिस्तियानो यांच्या डोक्यावर स्वतःलाच चाई पडली होती. त्यांच्या गटाने हजाराहून अधिक रुग्णांची जनुके तपासून २०१० मध्ये दाखवले, की यात टी-पेशींशी संबंधित जनुकांचा हात आहे. तरी एकसारखी जनुके असलेल्या जुळ्यांपैकी कित्येकदा एकालाच चाई होते. तेव्हा सगळा दोष वारशाचा नव्हे. पुढे ती शिट्टीची तार मध्येच तोडणारी औषधे निघाली. अमेरिकेत २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब प्रौढांसाठी आणि २०२३ मध्ये रिटलेसिटिनिब १२ वर्षांपुढील रुग्णांसाठी मान्य झाले. ही औषधे तीव्र आजारासाठीच. ती पहाराही ढिला करतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. लहान चट्ट्यात बहुधा स्टेरॉइडची सुई देतात, आणि पुष्कळदा केस आपोआपही येतात.

चाई संसर्गाने पसरत नाही. कंगवा, टोपी, बाक, कशानेही नाही. डोक्यावरचे गजकर्ण मात्र बुरशीमुळे होते आणि पसरते; त्यात खवले दिसतात. दोहोंतला फरक लसूण सांगत नाही, डॉक्टर सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावांतील लोकांचे केस काही दिवसांतच गळाले, तेव्हाही सगळीकडे घबराट उडाली. पण ती चाई नव्हती. एकाच वेळी इतक्यांना त्रास झाला म्हणजे कारण बाहेरचे असणार, म्हणून अन्नपाणी तपासले गेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळले.

आमच्या विद्यार्थ्याने टोपी लगेच काढली नाही. तो उद्गारचिन्ही केस मात्र त्याने काचपट्टीवर चिकटवून वर्गात फिरवला, आणि जाडीची दोन्ही मापे फळ्यावर लिहिली. त्याच्या बाकावर प्रथम बसला तो वर्गातला सगळ्यात खोडकर मुलगा; त्याला दुसरे माप खोटे वाटले, म्हणून स्वतः मोजायचे होते. चार महिन्यांनी टाळूवर केस आले, ते पांढरे. आजी पुन्हा घाबरली. पण परतणारे पहिले केस पुष्कळदा बिनरंगीच असतात; रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी मागाहून कामाला लागतात. त्यातला एक त्याने आपणहून आणून मोजला. जाडी भरली ०.०४ मिलिमीटर.