बीफ महागलं, पैसा कुणाला मिळाला?

प्रश्न : मुलगी टेक्सासला असते. तिथे बीफ फार महागलंय म्हणते. मग तिथल्या पशुपालकांची चांदी झाली असेल ना?

उत्तर : सगळ्यांची नाही. गाई सांभाळून वासरं विकणाऱ्याला खरंच चांगले दिवस आलेत, आणि मला त्याचा आनंद आहे, कारण दुष्काळात चारा संपला तेव्हा याच माणसाने पोटच्या कालवडी विकल्या होत्या. १ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत ८ कोटी ६७ लाख गुरं उरली. १९५१ नंतरचा तोवरचा हा नीचांक. त्यामुळे दूध तुटलेल्या वासरावर लिलावात उड्या पडतात.

तेच वासरू घेऊन मक्यावर पोसणारा फीडलॉटवाला मात्र धास्तावलेला असतो. आजची महाग खरेदी पाच-सहा महिन्यांनी विकायची. तोवर भाव उतरला तर कर्ज अंगावर. शिवाय मांस पोखरणाऱ्या अळीच्या भीतीने २०२५ मध्ये मेक्सिकोची वासरं सीमेवरच अडवली गेली. टेक्सासच्या फीडलॉटना ते फार जड गेलं.

दूधवालेही हुशार निघाले. दुधाळ होल्स्टीन गाईला मांसासाठीच्या अँगस जातीचं रेतन करून संकरित वासरू चढ्या भावाने विकतात.

भाव लगेच का उतरत नाहीत? आज कालवड विकली नाही, राखली, तर तिचं वासरू बाजारात यायला दोन वर्षं लागतात.