रंग बघून पाय टाक

अगं, पेरूमधल्या त्या विनिकुंका डोंगराचे फोटो दाखवलेस, तांबड्या-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचे. झकास आहेत. पण तो डोंगर ५००० मीटरच्या वर आहे आणि तिथे श्वासाला समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच प्राणवायू मिळतो. शहाणी माणसं आधी ३४०० मीटरवरच्या कुस्कोत दोन-तीन दिवस राहतात, मग तिकडे निघतात. तुला शनिवारी रात्री वाकडहून निघून सोमवारी सकाळी हिंजवडीत लॉगिन करायचंय, तेव्हा आपली कळसूबाईच बरी. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथे धाप लागलीच तर दोष उंचीला देऊ नकोस, दिवसभराच्या खुर्चीला दे.

रंगांसाठी जायचं तर गणपती उठल्यावर. पावसाचा जोर ओसरतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उतार फुललेले असतात. ऐन जुलैत गेलीस तर धुकं आणि पुढच्याची पाठ, एवढंच दिसेल.

पैसे भरण्याआधी ट्रेकला नेणाऱ्याला दोन गोष्टी विचार. एका लीडरमागे किती माणसं, आणि सगळ्यांत मागे कोण चालणार? पुढे पळणारे पुष्कळ असतात; तुझ्यासारखीला गरज मागे राहणाऱ्याची. २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे, त्यात नोंदणी आहे का तेही विचार. उत्तर द्यायला जो चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नये.

गाडीचा नंबर आधी मागून घे. वाकडच्या पुलाखाली शनिवारी रात्री ट्रेकच्या बसगाड्या एकामागून एक लागतात, पोरंपोरी भलत्याच गाडीत बसतात. नाशिक फाट्यावरून चाकणला पोचलात की कंटेनरच्या रांगेत अडकाल, तेव्हाच झोपून घे. आळेफाट्याला सगळे चहाला उतरतात. तू उतरलीस की झोप गेलीच म्हणून समज. मग संगमनेर, अकोले, राजूर आणि पहाटे पायथ्याचं बारी गाव. बारीतल्या घरांतच खाण्यापिण्याचं आणि बाकीचंही उरकून घे, वर आडोसा मिळत नाही. ज्या घरी चहा घेशील तिथेच परतीचं पिठलं-भाकरी सांगून ठेव, म्हणजे माणसं मोजून त्यांना भाकऱ्या थापता येतात.

आता खरं सांगायचं ते. सगळे रंग बघायला मान वर करून चालतात. तू खाली बघ, कारण हा डोंगर रंगांनीच सांगतो पाय कुठे टाकायचा. काळा खरखरीत कातळ कोरडा असेल तर निर्धास्त टाक, बूट चिकटून बसतो. त्याच कातळावर हिरवी-काळी चकाकी दिसली तर ते शेवाळ. तिथे पाऊल लांब टाकायचं नाही, आखूड आणि सपाट टाकायचं. तांबडा मुरूम चढताना गरीब आणि उतरताना बदमाश, गोट्यांसारखा पायाखालून निसटतो. उतरताना तिथे अंग मागे टाकलंस की आपटलीसच. गुडघे सैल ठेव आणि आडवी चाल.

फुलंही बोलतात. इवलीशी निळी-जांभळी सीतेची आसवं दिसली की खाली पाणी झिरपतंय. (नाव किती हळवं, आणि झाड मात्र ओल्या मातीतल्या पिशव्यांत बारीक जीव पकडून खातं!) गुलाबी तेरडा दाट असेल तिथेही ओलच असते. सोनकीचा पिवळाधमक उतार फोटोला सगळ्यांत देखणा, पण उताराची कड त्याखाली दिसत नाही. वाट सोडून फुलांत बसायला जाऊ नकोस; फुलंही तुडवली जातात आणि तूही घसरशील. कारवी मात्र दरवर्षी फुलत नाही, सात वर्षांतून एकदा जांभळी होते आणि बी धरून वाळते. ती वाळकी काठी आधाराला धरलीस तर हातात येईल. पूर्वी त्याच काठ्यांच्या कुडाच्या भिंती करायचे, पण भिंत उभी करणं वेगळं आणि तुझं वजन पेलणं वेगळं.

लोखंडी शिड्यांवर गर्दी असते. एका वेळी एकजण, तोंड शिडीकडे, उतरतानासुद्धा. मोबाइल खिशात. शिखर उघडं आहे, घामेजलेल्या अंगाला वारा झोंबतो. कोरडा टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव आणि वर पोचताच बदल. मग कळसूबाईच्या देवळात जा, मग खालचं भंडारदऱ्याचं पाणी आणि अलंग-मदन-कुलंग हे किल्ले बघत बस. पाणी दोन लिटर, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. अत्तर, बॉडी स्प्रे काही लावायचं नाही; कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि ती वासाने उठतात.

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. आठवडाभर ते घालून ऑफिसात जा, हसले तर हसू देत. पायाची नखं काप, नाहीतर उतरताना अंगठा बुटाच्या टोकाला ठोकून काळानिळा होईल, आणि तो रंग महिनाभर जात नाही.

सोमवारी मांड्या बोलतील. लिफ्ट घे, लाजू नकोस.