टास्क मॅनेजर उघडला की शांत होणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर स्लो झाला की आमच्याकडे दोनच उपाय सांगितले जातात: रॅम वाढवा, नाहीतर फॉरमॅट मारा. दोन्ही कधीकधी लागू पडतात. पण मशीन नेमकं कशात गुंतलंय हे न बघता केलेला उपाय म्हणजे ताप न मोजता दिलेलं औषध. आंब्याच्या हंगामात जामसंड्याच्या आमच्या घरी जे घडलं ते म्हणूनच सविस्तर लिहितो आहे.

आमच्या डेस्कटॉपवर कामं साधीच असतात. हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, पावत्या, कधी सातबारा काढणं. मार्चमध्ये पेट्या जायला लागल्या आणि नेमकी तेव्हाच एक्सेलची लहानशी फाइल उघडायला मिनिट मिनिट लागू लागलं. पंखा तर थांबेचना. शेजारचा मुलगा एकदा सहज म्हणाला, "काकानु, काय चालू नाय, तरी पंखो कित्याक इतको ओरडता?" प्रश्न अगदी नेमका होता. प्रोसेसर तापल्याशिवाय पंखा जोरात फिरत नाही, आणि काम केल्याशिवाय प्रोसेसर तापत नाही. मग काम कोण करत होतं?

आधी संशय इथल्या हवेवर घेतला. खाडी आणि समुद्र जवळ असल्याने दमट, खारट हवेत धूळ पंख्याच्या पात्यांवर चिकटून बसते. मग उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. किनारपट्टीवर हे कारण फार वेळा खरं निघतं. म्हणून वीज पूर्ण बंद करून, पंखा बोटाने धरून ठेवून, मऊ ब्रशने सगळं साफ केलं. तापमान जरा उतरलं, घरघर मात्र तशीच राहिली.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. पहिल्या क्षणी प्रोसेसरचा आकडा नव्वदीत दिसला आणि बघता बघता चारवर आला. पंखा शांत. खिडकी बंद केली की थोड्या वेळाने पुन्हा तेच सुरू. ओळखीतल्या एकाने सल्ला दिला की टास्क मॅनेजर खाली उघडाच ठेवा, मशीन झकास चालतं. खरंच चालत होतं! पण मला तोच सर्वांत मोठा पुरावा वाटला. आपण बघायला लागलो की थांबतो, असा कुठलातरी प्रोग्राम आत होता. प्रामाणिक प्रोग्रामला असं लपायची गरज नसते.

अशा वेळी चालू टक्केवारी बघून उपयोग नाही, साठलेला हिशोब बघावा लागतो. टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स' या भागात रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून 'सीपीयू टाइम' हा रकाना जोडता येतो. प्रत्येक चालू प्रोग्रामने तो सुरू झाल्यापासून प्रोसेसरचा किती वेळ खाल्ला, ते तिथे दिसतं. ब्राउझरच्या नावावर काही मिनिटं होती आणि 'एसव्हीसीहोस्ट' नावाच्या एका प्रोग्रामवर काही तास. हे नाव विंडोजच्या स्वतःच्या प्रोग्रामचं आहे आणि यादीत ते बऱ्याचदा दिसतं, त्यात काही वावगं नाही. पण राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं तेव्हा हा एक भलत्याच फोल्डरात निघाला. खरा विंडोजच्या सिस्टिम-३२ मध्ये राहतो, हा वापरणाऱ्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात लपला होता. टास्क शेड्युलरमध्ये लॉगिन होताच त्याला उठवणारी नोंदही सापडली.

अँटिव्हायरसने मग का नाही पकडला? विंडोज सिक्युरिटीत 'एक्सक्लूजन्स' नावाची यादी असते. तिच्यात लिहिलेल्या जागा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, तपासत नाही. आमच्या मशीनवर त्या यादीत आख्खा सी ड्राइव्ह होता.

हा प्रोग्राम आमच्या विजेवर आणि आमच्या प्रोसेसरवर कुणा परक्यासाठी मोनेरो हे आभासी चलन कमावत होता. मोनेरोची गणितं २०१९पासून मुद्दाम साध्या प्रोसेसरला सोयीची केलेली आहेत, म्हणून चोरांना घरगुती कॉम्प्युटर हवे असतात. याआधी २०१७ ते २०१९ या काळात कॉइनहाइव्ह नावाची सेवा हेच काम वेबसाइटमधून करत असे. फेब्रुवारी २०१८मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी साइटसह हजारो साइटमध्ये तिचा कोड काही तास घुसवला गेला होता. तुमचा पंखा ब्राउझर बंद करताच शांत होत असेल, तर दोष एखाद्या टॅबचा किंवा एक्स्टेन्शनचा समजावा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कोणता टॅब किती खातोय ते दिसतं.

आमच्याकडे तो आला कुठून? मशीन दुरुस्तीला गेलं होतं तेव्हा त्यात क्रॅक केलेली विंडोज टाकून मिळाली होती, आणि संशयाची सगळी बोटं तिकडेच जातात. टाकून देणाऱ्याला आत काय आहे हे माहीत असेलच असंही नाही. पण क्रॅक चालवताना आपण अ‍ॅडमिनची परवानगी देतो आणि अँटिव्हायरस बंद करतो. घुसणाऱ्याला आणखी काय हवं?

शेवटी फॉरमॅटच केला. पण त्याच क्रॅक विंडोजच्या पेनड्राइव्हवरून केला असता तर पाहुणा त्याच दिवशी परत आला असता. नेट काढलं, फक्त फायली आणि फोटो बाहेर घेतले, एकही प्रोग्राम घेतला नाही. दुसऱ्या स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून नवा पेनड्राइव्ह बनवला, लायसन्स विकत घेतलं. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड फोनवरून बदलले, कारण जो प्रोसेसर चोरतो तो पासवर्ड सोडेल याची खात्री कोण देणार?

प्रत्येक घरघर मात्र चोराची नसते. 'सिस्टिम आयडल प्रोसेस'समोर ९५ टक्के दिसले तर घाबरू नका, तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे. विंडोज अपडेट, डिफेंडरची तपासणी, फायलींची अनुक्रमणिका बनवणं, हे सगळं अधूनमधून तास-दोन तास जोर खातं आणि आपोआप थांबतं. ते अर्ध्यात बंद पाडू नका, मशीन रात्रभर चालू ठेवा. 'सिस्टिम इंटरप्ट्स' सतत वर असेल तर ड्रायव्हर किंवा एखादा सुटा भाग बिघडलाय. आणि प्रोसेसर निवांत, पण डिस्क सतत शंभर टक्के असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी घाला. रॅमपेक्षा त्याचा फरक बहुधा जास्त पडतो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तेव्हा जुन्या मशीनवाल्यांनी जास्त जपावं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनला फोन करा. आणि मशीन दुरुस्तीहून घरी आलं की पेट्यांचा हिशोब उघडण्याआधी ती एक्सक्लूजन्सची यादी बघा. तुम्ही स्वतः काही लिहिलं नसेल, तर ती रिकामी असायला हवी.