निवृत्तीनंतरचा पहिला धडा : मन निवांत, तर निर्णय नेमका



वर्गात आपण मुलांना किती वेळा सांगतो, "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा." नोकरीभर मी हेच सांगत आलो. पण निवृत्तीनंतरच्या पहिल्याच परीक्षेत मी स्वतः प्रश्न न वाचता उत्तर लिहायला निघालो होतो.

५८ व्या वर्षी सेवानिवृत्त झालो. शाल-श्रीफळ, भाषणं, फोटो सगळं झालं. दोन महिन्यांतच थोरल्या मुलाशी एका साध्या गोष्टीवरून वाद झाला. आवाज चढले. त्याच रात्री मी ठरवलं, राहतं घर धाकट्याच्या नावावर करून टाकायचं. दुसऱ्या दिवशी बक्षीसपत्राचा मसुदा करायलाही सांगून आलो.

सौ. एवढंच म्हणाली, "सही करायची तर करा. पण महिनाभर रोज सकाळी दहा मिनिटं गॅलरीत गप्प बसा, मग करा." मला तिचाही राग आला. तरी बसलो. पहिले आठ दिवस मनात नुसतं भांडणच चालू होतं. तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी लक्षात आलं, माझा राग घराबद्दलचा नव्हताच. शाळेत "सर, हे कसं करू?" म्हणून दिवसभर विचारणारी माणसं होती, ती आता नव्हती. आणि मुलगा सहज बोलून गेला होता, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं ते." तेच लागलं होतं. म्हणजे प्रश्न एक होता आणि मी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं लिहीत होतो!

बक्षीसपत्र झालं नाही. वाद पूर्ण मिटला असं म्हणणार नाही, पण बोलणं सुरू झालं.

मनाची स्थिरता म्हणजे नेमकं काय?

स्थिर मन म्हणजे विचार नसलेलं मन नव्हे. विचार येणारच. विचार आला आणि आपण लगेच त्याच्यामागे धावलो नाही, ही स्थिरता. आपल्याकडे गीतेतल्या स्थितप्रज्ञाची चर्चा रणांगणावर झाली, हे लक्षात घ्या. विनोबांनी १९३२ साली गीतेवरची प्रवचनं दिली तीही धुळ्याच्या तुरुंगात, आणि ती लिहून घेतली साने गुरुजींनी. म्हणजे शांतता मिळायला आधी सगळं जग शांत व्हावं लागतं, असं काही नाही.

उतारवयात तिची गरज जास्त का?

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. एक, नवीन प्रश्न झटपट सोडवणारी बुद्धी. दुसरी, अनुभवातून आणि शिक्षणातून साठत गेलेली. वय वाढतं तशी पहिलीची गती कमी होते. दुसरी मात्र बरीच वर्षं टिकते, वाढतेसुद्धा.

आता याचा अर्थ पहा. घाई केली की आपण आपल्या कमकुवत बाजूने खेळतो. थांबलो की अनुभवाची बाजू कामाला येते. म्हणून निवांतपणा ही म्हाताऱ्या माणसांची चैन नाही. आयुष्यभर कमावलेलं शहाणपण वापरता यावं, यासाठीची ती अट आहे.

लुबाडणाऱ्यांना हे बरोबर कळतं. "डिजिटल अरेस्ट"चे फोन घ्या. भीती घालायची, कुणाशी बोलू द्यायचं नाही आणि आत्ताच्या आत्ता पैसे मागायचे. मुळात आपल्या कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. असा फोन आला तर तो बंद करा, घरच्यांना सांगा. फसवणूक झालीच असेल तर ताबडतोब १९३० वर कळवा. तिथे मात्र उशीर नको.

रोजचा सराव

१. ठरलेली वेळ, ठरलेली जागा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. मांडीच घालायला हवी असं नाही.

२. श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि शरीराला धोका टळल्याचा निरोप जातो. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास रोखून धरण्याचे प्रकार करू नका.

३. मन भटकलं की चिडू नका. पहिलीतलं पोर खिडकीबाहेर बघायला लागलं तर आपण त्याला कसं हळूच परत आणतो? तसंच.

४. शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारा, "आज मला खरं काय लागलंय?" उत्तर वहीत एका ओळीत लिहा.

दहा मिनिटं पुरतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

मोठ्या निर्णयासाठी तीन थांबे

पहिला थांबा : राग, भीती किंवा अतिआनंद असताना सही नाही.

दुसरा थांबा : हा निर्णय मागे घेता येतो का? मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मात्र मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली नाही, तर दाद मागता येते. पण ती वेळ का आणायची?

तिसरा थांबा : ज्याचा यात काहीच फायदा नाही, अशा एका माणसाला विचारा.

एक सावधगिरी

गप्प बसलेला प्रत्येक माणूस शांत असतोच असं नाही. घरातलं ज्येष्ठ माणूस दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, कशातच रस नसेल, तर "ध्यान करा" असा सल्ला देऊन मोकळे होऊ नका. डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

पालकहो, शेवटी तुमच्यासाठी

तुम्ही आज चाळिशीत असाल. घरात आई-वडील असतील. त्यांच्यासमोर कागद ठेवून "इथे सही करा, मला ऑफिसला उशीर होतोय" असं म्हणू नका. कागद दोन दिवस त्यांच्याजवळ राहू द्या. त्यांना वाचू द्या, विचारू द्या, पुन्हा विचारू द्या. आपली मुलं हे सगळं बघत असतात. म्हाताऱ्या माणसाला वेळ द्यायचा असतो, हा धडा ती तिथेच शिकतात.

आणि स्वतःसाठी म्हणाल, तर ५८ ची वाट पाहू नका. उद्या सकाळी मोबाईल हातात घेण्याआधी दहा मिनिटं बसून पहा. घरात सगळ्यांनी मिळून बसलात तर उत्तमच. महिनाभराने वही उघडून वाचा. आपला खरा प्रश्न कोणता होता, ते तिथे लिहिलेलं सापडेल.