रानवहीतून पत्र, पत्रातून लेख : जॉन म्यूर यांच्या वाटेने

रानातून परतून लिहायला बसलं की ‘नयनरम्य’, ‘अवर्णनीय’ असे शब्द आपोआप हाताशी येतात आणि पाहिलेलं रान कागदावर उतरतच नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत अनेक वर्षं घालवलेले निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर (१८३८–१९१४) यांच्या लेखनात यावर उत्तर सापडतं. त्यांचं पहिलं पुस्तक आलं १८९४ साली, वयाच्या छप्पनाव्या वर्षी. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते कमरेला बांधलेल्या वहीत लिहीत होते आणि जीन कार या वनस्पतींच्या जाणकार मैत्रिणीला पत्रं पाठवत होते. त्यांच्या लेखनाचा कस या पत्रांत लागला. आधी वही, मग पत्र, मग लेख हा क्रम आपल्यालाही जमण्यासारखा आहे.

साहित्य : खिशात मावेल अशी जाड पुठ्ठ्याची वही, दोन शिसपेन्सिली, सुतळी, मोजपट्टी, पत्रासाठी कागद आणि पाकीट.

कृती

१. वही सुतळीने कमरेला किंवा पिशवीच्या पट्ट्याला बांधा. पिशवीच्या तळाशी गेलेली वही वेळेवर बाहेर निघत नाही. लिहायला पेन्सिलच घ्या. पान भिजलं तरी अक्षर फुटत नाही. मुखपृष्ठाच्या आत नाव-पत्ता लिहा. १८६७ साली केंटकीहून फ्लोरिडाकडे पायी निघालेल्या म्यूर यांनी आपल्या वहीत पत्ता म्हणून पृथ्वी आणि विश्व यांची नावं घातली होती. आपण मात्र फोन नंबरही लिहावा, म्हणजे हरवलेली वही परत येईल.

२. पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ, जागा आणि हवा लिहा. वर्षभराने नोंदी जुळवताना याच ओळीचा आधार असतो.

३. एकच गोष्ट निवडा आणि तिच्यापाशी पंधरा मिनिटं बसा. शेंग असेल तर तिची लांबी, लव, बियांची संख्या, कीड लागल्याच्या खुणा टिपा. शेजारी चित्र काढा. म्यूर यांच्या वह्यांत मजकुराच्या जोडीला पेन्सिलीची रेखाटनं आहेत. चित्र सुबक नसलं तरी चालतं. काढताना डोळा जिथे अडतो तिथेच नवं काहीतरी दिसतं. सुंदर, भव्य, अद्भुत हे शब्द या पानावर येऊ देऊ नका.

४. मोजा आणि पुन्हा त्याच जागी जा. या कृतीतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी. सिएरातली योसेमिटीची दरी तळ खचून झाली, असं कॅलिफोर्निया राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांचं मत होतं. ती हिमनद्यांनी कोरली, असं म्यूर म्हणत. सिएरात त्या काळीही जिवंत हिमनद्या होत्या हे दाखवायला त्यांनी २१ ऑगस्ट १८७२ रोजी मॅक्लूर शिखराच्या हिमनदीत खुंट्या रोवल्या आणि ६ ऑक्टोबरला परत जाऊन मोजमाप घेतलं. कडेची खुंटी ११ इंच सरकली होती, मध्याजवळची ४७ इंच. बर्फ वाहत होता, आणि कडेपेक्षा मध्यावर जोरात. दोनच दिवसांनी हे सारं जीन कार यांना पत्रातून गेलं.
आपल्याकडे असंच मोजायचं तर पावसाळ्यात वडाच्या पारंबीला टोकाच्या थोडं वर दोरा बांधा आणि दर रविवारी दोऱ्यापासून टोकापर्यंतचं अंतर मोजून लिहा.

५. त्याच संध्याकाळी नोंद वाचून काढा. रानात लिहिलेलं खोडू नका. आठवलेलं समोरच्या कोऱ्या पानावर लिहा, म्हणजे पाहिलेलं आणि आठवलेलं वेगळं राहील.

६. आता पत्र कोणाला लिहायचं ते ठरवा. नुसतं कौतुक करणारा नको, उलट प्रश्न विचारणारा हवा. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठातले प्राध्यापक एझ्रा कार यांच्या पत्नी जीन कार अशाच होत्या. म्यूर यांना छापण्यासाठी लिहिणं जड जाई. कार यांना लिहिताना मात्र समोर ओळखीचा माणूस असे, आणि त्या त्यांना छापण्याचा आग्रह करत. आपल्यासाठी अशी व्यक्ती शाळेतल्या बाई, गावाकडचा मामा किंवा झाडांची आवड असलेली मैत्रीण असू शकते.

७. पत्रात चार गोष्टी येऊ द्या : आपण कुठे बसून लिहीत आहोत, काय पाहिलं, काय मोजलं आणि काय कळलं नाही. भावना जरूर लिहा, पण मोजमापानंतर. घरटं किंवा दुर्मीळ ऑर्किड असेल तर नेमकी जागा लिहू नका. पत्र हातोहात फिरतं.

८. टाकण्याआधी पत्राचा फोटो काढा आणि आलेली उत्तरं वहीतच जपा. म्यूर यांची पत्रं कार यांच्याकडे राहिली, म्हणूनच १९१५ साली ‘लेटर्स टू अ फ्रेंड’ हे पुस्तक निघू शकलं.

९. काही महिन्यांनी पत्रं एकत्र वाचा. ज्या गोष्टीकडे आपण पुन्हा पुन्हा वळलो, तोच लेखाचा विषय. म्यूर यांच्या १८६९च्या उन्हाळ्यातल्या नोंदींचं पुस्तक १९११ साली आलं, त्यामुळे घाई नको. लेखात पत्रातली बोली तशीच ठेवा आणि प्रत्येक विधानाशेजारी वहीतली तारीख लिहून पाहा. ज्याला तारीख सापडत नाही, ते वाक्य काढून टाका किंवा पुन्हा रानात जाऊन तपासा.