शेवळं, काकडं आणि मालकीचा प्रश्न

मृगाच्या सरी पडून गेल्या की चार-सहा दिवसांत आमच्या डोंगरात शेवळं उगवतात. ज्यांनी ती पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. शेवळ म्हणजे सुरणाच्या कुळातील एका रानटी कंदाचा फुलोरा. पान येण्याआधी तांबूस-जांभळा कोंब मिटलेल्या छत्रीसारखा जमिनीतून सरळ वर येतो. त्याची वरची साल काढायची, आतल्या दांड्याचा पिवळा भाग टाकून द्यायचा, राहिलेले बारीक चिरायचे आणि काकडांच्या आंबट रसात शिजवायचे. काकड हे एका रानझाडाचे लहानसे, हिरवे, आंबट फळ. आंबटाशिवाय शेवळ खाल्ले तर घसा धरतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात.

माझ्या आईला ऑक्झलेट ठाऊक नाही. पण कर्जत स्टेशनाबाहेर शेवळांच्या जुड्या मांडून बसली की प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगते, ‘‘बाई, काकडं पन घ्या, नायतर घसा खवखवल.’’ प्रस्तुत लेख या एका वाक्याविषयी आहे असे म्हटले तरी चालेल.

आम्ही ठाकर. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि कातकरी या दोन आदिवासी जमातींच्या वाड्या आहेत. आमच्याकडे थोडी भाताची खाचरे असतात, उतारावर नाचणी-वरी होते. कातकरी बांधवांची स्थिती त्याहून बिकट. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांच्या 1878 च्या वनकायद्यानंतर जंगलावर बंधने आली आणि तो धंदा सुटत गेला. आज त्यांतली पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर मालकाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातात व पावसाच्या तोंडाशी परत येतात. हातात पैसा नसतो, शेतीची कामे सुरू व्हायची असतात, आणि नेमकी त्याच दिवसांत शेवळं उगवतात. पावसाळ्यातले पहिले रोख पैसे पुष्कळ घरांत या भाजीचे असतात. आम्ही ठाकर मंडळी कातकऱ्यांना कमी लेखतो, हे इथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. स्टेशनाबाहेर मात्र दोघींच्या टोपल्या शेजारी शेजारी असतात.

शेवळांमागून टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, करटोली येतात. थंडीत कडूकंद. हा कंद नावाप्रमाणेच कडू आणि तसाच खाल्ला तर बाधणारा. आजी त्याच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडते आणि टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवते. हे प्रथम कोणी शोधून काढले असेल, किती जणांची पोटे त्यात बिघडली असतील, याचा विचार केला की मला आमच्या अभ्यासक्रमातील प्रयोगपद्धतीचा धडा आठवतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. शेवळं शहराला अनोळखी नाहीत. मुंबई-ठाण्याच्या कायस्थ प्रभूंच्या घरी शेवळांची कणी हा मानाचा पदार्थ, त्यात कोलंबी किंवा खिमाही पडतो. याचे मला वाईट वाटत नाही. अन्न एका जातीच्या कुंपणात राहत नसते आणि राहूही नये. प्रश्न मधल्या हाताचा आहे. पहाटेच्या गाडीआधी व्यापारी येतो आणि जुड्यांचा सगळा ढीग उक्ता उचलतो. आईला तो सौदा सोयीचाच वाटतो, कारण शेवळं दुसऱ्या दिवशी मऊ पडतात आणि दिवसभर बसायचे तर घरी लहान भावंडे आहेत. व्यापारी काकडं घेत नाही. ती जड, आणि त्यांना भाव नाही. म्हणजे भाजी पुढे जाते, तिच्याबरोबरचे वाक्य इथेच राहते.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझी काकी एका रिसॉर्टवर भांडी घासायला जात होती. तिथे पाहुण्यांसाठी ‘आदिवासी थाळी’ सुरू झाली. स्वयंपाकी बाहेरचा; त्याने व्यापाऱ्याची शेवळं नुसत्या कांदा-मसाल्यात परतली. पाहुण्यांचे घसे धरले, आरडाओरडा झाला, तेव्हा कोणाला तरी भांडी घासणाऱ्या बाईची आठवण झाली. काकीने काकडं आणवली, भाजी पुन्हा केली. थाळी आठवडाभर चालली. काकीला भांड्यांचीच रोजंदारी मिळाली. ती हे हसत सांगते. मला हसू येत नाही, कारण शाळेत असताना डब्यातली टाकळ्याची भाजी मी झाकण आडवे धरून खात असे.

असाच प्रश्न दूर ऑस्ट्रेलियात आहे हे वाचून मला नवल वाटले. तेथील आदिवासी ज्या रानमेव्यावर हजारो वर्षे जगले त्याला आता मोठा बाजार आहे. तेथे ‘काकडू प्लम’ नावाचे फळ आहे. नाव ऐकून मला आमची काकडंच आठवली! नात्याने ते आपल्या हिरडा-बेहड्याच्या गोत्रातले; हिरवट, आंबट, ‘क’ जीवनसत्त्वाने भरलेले. मॅकाडेमिया हे कठीण कवचाचे फळही मूळचे तेथल्याच क्वीन्सलंडच्या रानातले, पण त्याचा मोठा व्यापार प्रथम उभा राहिला तो हवाई बेटांवर. या अनुभवातून तिकडे एक विचार पुढे आला: आदिवासींचे अन्न विकले जात असेल तर धंदाही आदिवासींच्या मालकीचा हवा. ‘सप्लाय नेशन’ ही संस्था अशा उद्योगांची नोंद ठेवते, आणि तिचे प्रमाणपत्र हवे असेल तर निम्म्याहून अधिक मालकी आदिवासींची असावी लागते. नुसते चित्र किंवा नाव आदिवासी असून भागत नाही.

आपल्याकडे कायद्याने पाया घातलेला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केलेले गौण वनोपज जमवण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क दिला आहे. कंदमुळे त्यात येतात. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायदा आम्हाला लागू नाही. म्हणून वनहक्काचा कागद आमच्यासाठी अधिकच मोलाचा. 2018 साली केंद्र सरकारने वनधन योजना आणली: वीस जणांचा एक गट, असे पंधरा गट मिळून एक केंद्र. शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी अशा केंद्रातून गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या औषध कंपन्यांना विकली. हे उदाहरण मी आईला उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, ‘‘गुळवेल वाळते. शेवळाचं काय?’’ योजनेच्या माहितीपत्रकात याला उत्तर नव्हते.

ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. चांगली गोष्ट आहे, बायकांना टेबलामागे उभे राहून बोलायला मिळते. पण तोवर शेवळं संपलेली असतात. तारीख भाजीने ठरवली असती तर पहिला महोत्सव जूनमध्ये भरला असता.

धंदा वाढवण्याची एक भीतीही आहे. शेवळ हे फूल असल्याने सगळीच खुडली तर बी धरणार कुठून? आजी एका जागची सगळी कधीच काढत नाही. उक्ता माल घेणाऱ्याला मोजून हव्या असलेल्या जुड्या हव्या असतात, मग दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा जावे लागते. विकणारी बाईच मालकीण असेल तर थांबायचे कुठे हे तिला ठरवता येते. मालकीचा हा अर्थ मला पुस्तकात आढळला नाही.

यंदा आम्ही एक लहानसा प्रयोग केला. वाडीतल्या चार घरांनी (त्यांत एक कातकरी घर) व्यापाऱ्याला न देता सगळा माल एकत्र लोकलने कल्याणला नेला. दोघी विकायला, दोघी घरची मुले सांभाळायला, अशी पाळी लावली. मी वहीची कोरी पाने फाडून प्रत्येक जुडीसाठी कृतीची चिठ्ठी लिहिली. पहिल्याच दिवशी पावसाने शाई पसरली आणि आईच्या तोंडच्या वाक्यावरच सारी विक्री झाली. दुसऱ्या आठवड्यात पेन्सिलीने लिहिले. एक बाई ती चिठ्ठी जपून घेऊन परत आली आणि ‘‘आता यापुढची कुठली भाजी?’’ असे विचारू लागली. शेवटच्या दिवशी मात्र निम्मी शेवळं मऊ पडून फुकट गेली आणि गाडीभाडेही अंगावर आले. तरी हिशेब मांडला तेव्हा घरटी शिल्लक व्यापाऱ्याच्या भावापेक्षा थोडी जास्तच निघाली.

पुढच्या जूनला काकडं वेगळी न विकता जुडीतच बांधायची असे ठरले आहे. जुडीची किंमत किती वाढवायची यावर आई आणि शेजारची कातकरीण यांचे अजून एकमत झालेले नाही.