ईदच्या रीती आणि ईदचे आदेश

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथे राहणाऱ्या अनेक मराठी भाषक मुस्लिम कुटुंबांची मुळे रायगड-रत्नागिरीच्या गावांत आहेत. गावी ईद म्हणजे नमाजनंतर कब्रस्तानात दुआ, मग घरोघरी सलाम, शिरखुर्मा आणि सांदणे. आता दोन खोल्यांच्या सदनिकेत ईद होते. ईदी मोबाईलवरून जाते, सलाम व्हिडिओ कॉलवर होतो आणि कुर्बानीचा हिस्सा दुसरीकडे घेतला जातो. वडीलधारे म्हणतात, "पूर्वीची ईद राहिली नाही." तरुण विचारतात, "या गोष्टी दीनमध्ये कुठे सांगितल्या आहेत?" या दोहोंचा निवाडा करण्यासाठी इबादत आणि आदत, म्हणजे उपासना आणि रीत, यांतील भेद जाणून घेतला पाहिजे.

हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार, प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक अज्ञानकाळापासूनचे दोन दिवस खेळात घालवीत. प्रेषितांनी (स.) त्यांना कळविले, की अल्लाहने त्यांऐवजी अधिक चांगले दोन दिवस दिले आहेत: ईदुल फित्र आणि ईदुल अज्हा. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. येथे आनंदाला मनाई झाली नाही. आनंदाचे अधिष्ठान बदलले.

ईदची नमाज, तकबीर, फित्रा आणि कुर्बानी ही इबादत होय. तिच्यात आपल्या मर्जीने काही वाढविता वा घटविता येत नाही. इमामांत जे मतभेद आहेत, तेही प्रमाणांवर उभे आहेत. कोकणी मुस्लिम बहुधा शाफई आहेत आणि शहरातील त्यांचे अनेक शेजारी हनफी. शाफई पद्धतीत ईदच्या नमाजमध्ये पहिल्या रकअतीत सात व दुसऱ्या रकअतीत पाच अधिक तकबीरा असतात. हनफी पद्धतीत प्रत्येक रकअतीत तीन. शाफई मतानुसार फित्रा धान्याच्या रूपात द्यावा. हनफी मतानुसार त्याची किंमतही देता येते. गावाहून आलेल्या मुलाला हा फरक दिसला, तर त्याला कारण समजावून सांगा. वादाला निमित्त होऊ देऊ नका.

पक्वान्ने, पोशाख, ईदी आणि एकत्र जमण्याची जागा ही आदत होय. शरीअतने ज्याला मनाई केली नाही, ते व्यवहारात मुळात अनुमत आहे. म्हणून सांदणांऐवजी बाजारातील मिठाई आली, तर ईद उणी होत नाही. मात्र चाँदरातीच्या खरेदीपायी फज्र चुकली किंवा फित्रा नमाजपूर्वी देण्याचे राहून गेले, तर रीतीने इबादतीची जागा बळकावली असे समजावे.

आता एक गोष्ट बारकाईने पाहा. ईदला गावी जाणे ही रीत आहे; पण तिच्या आत नातेसंबंध जोडून ठेवण्याचे, सिलाहरहमीचे, कर्तव्य दडलेले आहे. अनेक घरांत जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत अबोला असतो. ईदची गळाभेट हीच वर्षातून एकदा त्या अबोल्याला खंड पाडत असे. प्रवास सुटला, की ही संधीही सुटते, आणि "रीत बदलली" म्हणून आपण निश्चिंत होतो. बुखारीतील हदीसचा आशय असा, की परतफेड म्हणून नाते राखणारा खरा नाते जोडणारा नव्हे. तोडलेले नाते जो जोडतो, तो खरा. मुलांच्या खात्यात ईदी पाठविल्याने हे कर्तव्य फिटत नाही.

म्हणून या ईदला घरातील सर्वांनी बसून आपल्या रीतींची मोजदाद करावी. जी केवळ चवीची वा सोयीची असेल, ती खुशाल बदलावी. जिच्यात कर्तव्य दडले असेल, तिचे रूप बदलले तरी कर्तव्य सोडू नये. ईदच्या दिवशी गावी पोहोचणे शक्य नसेल, तर ईदुल अज्हाला तश्रीकचे तीन दिवस पुढे आहेतच. एरवीही भेटीला मुहूर्त लागत नाही. ज्याच्याशी बोलणे थांबले आहे, त्याला पहिला सलाम आपण करावा.

अल्लाह आपल्या घरांत प्रेम नांदवो आणि तुटलेली नाती जोडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.